गोष्ट सगळ्यांची, पण पुस्तक कुणाचं? मुलांच्या गोष्टी सांगण्याआधी कॉपीराइटचा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत मुलांच्या गोष्टी आणि कॉपीराइट हा विषय घेतला, पण पंधरा मिनिटांत सगळं बसलं नाही. तारखा आणि कलमं तुम्हाला वहीत उतरवून घेता यावीत म्हणून इथे सविस्तर लिहितोय. घाई करू नका, चहा घेऊन बसा.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. आपल्या एका बॅचमध्ये धारूर तालुक्यातल्या एक ताई होत्या. मोबाईलवर मुलांना गोष्टी सांगायचं चॅनल त्यांनी सुरू केलं. आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला बाहेर पडतात. काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, काही आईबापासोबत फडावर जातात. एका आईने ताईंना कळवलं होतं, "रात्री कोपीवर पोरगं झोपत नाही, तुमची गोष्ट लावली की झोपतं." ताईंना तेवढ्यानेच हुरूप आला. वर्षभरात त्यांनी ६४ गोष्टी टाकल्या. थोडे पैसेही यायला लागले होते.

मग एक दिवस सकाळी सकाळी फोन. "सर, स्ट्राइक आलाय. एक नाही, दोन. आणि मी तर सगळं माझ्या शब्दांत सांगितलं होतं हो! पुस्तकातलं एक वाक्य वाचलं नव्हतं."

तिसरा स्ट्राइक आला असता तर चॅनलच गेलं असतं. ६४ गोष्टी, वर्षाची मेहनत, सगळंच.

ताईंना मी रागावलो नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये, शाळा उघडायच्या वेळेला, दुकानात वह्यांबरोबर विकायला मी बोधकथांची एक छोटी पुस्तिका छापली. ५०० प्रती. दहा गोष्टी होत्या. आठ आजीकडून ऐकलेल्या, आणि दोन लहानपणी वाचलेल्या एका पुस्तकातल्या. नावं बदलली, गाव बदललं, झालं काम असं वाटलं. महिन्याभरात लेखकाच्या घरून फोन आला. माणसं सभ्य होती, कोर्टात गेली नाहीत. "पुस्तिका परत घ्या," एवढंच म्हणाली. उरलेल्या तीनशेच्या आसपास प्रती रद्दीत गेल्या आणि नऊ हजाराला फटका बसला. बीबीएला कायद्याचा पेपर होता, मी त्यात पासही झालो होतो! पण पेपर पास होणं वेगळं आणि धंद्यात वापरणं वेगळं.

त्या नऊ हजारात मी एक वाक्य शिकलो, ते तुम्ही फुकटात घ्या: गोष्ट आणि गोष्टीचं पुस्तक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गोष्ट जुनी असली म्हणजे तुमच्या हातातलं पुस्तक मोकळं होत नाही. आणि पुस्तक बाजूला ठेवून "माझ्या शब्दांत" सांगितलं म्हणजे गोष्ट तुमची होत नाही.

१. कायदा नेमकं काय राखतो?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, लागू झाला २१ जानेवारी १९५८ पासून. कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही. लेखकाने गोष्ट लिहिली की हक्क आपोआप तयार होतो. म्हणून "पुस्तकावर ते 'सी' चं चिन्ह नव्हतं" ही सबब चालत नाही.

पण कायदा कल्पनेला कुलूप लावत नाही, मांडणीला लावतो. यावर १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक प्रसिद्ध निकाल आहे. आर. जी. आनंद या नाटककारांचं म्हणणं होतं की त्यांच्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा १९५६ चा सिनेमा उचलला. दोन्हींचा विषय प्रांतवाद होता. न्यायालयाने सांगितलं की विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून हक्कभंग नाही. कसोटी साधी: दोन्ही पाहिल्यावर किंवा वाचल्यावर सामान्य माणसाला "हे तर तेच उचललंय" असं स्पष्ट वाटतं का?

आता हे आपल्या कामात लावा. "लहान प्राण्याने डोकं वापरून मोठ्या प्राण्याला हरवलं" ही कल्पना कुणाच्या बापाची नाही. त्यावर तुम्ही शंभर गोष्टी रचा. पण आजच्या लेखकाच्या गोष्टीतली पात्रं, प्रसंगांचा क्रम, मधली गंमत आणि शेवटचं वळण जसंच्या तसं घेतलं, आणि फक्त 'बंटी' चा 'सोनू' केला, तर ऐकणाऱ्याला ती तीच गोष्ट वाटणार.

ताई जिथे अडकल्या ती जागा अजून बारीक आहे. कायद्यात 'रूपांतर' या शब्दाची व्याख्या दिली आहे. साहित्यकृतीचा संक्षेप त्यात येतो. गोष्ट पूर्णपणे किंवा मुख्यतः चित्रांमधून सांगणं हेही त्यात येतं. म्हणजे चाळीस पानांची गोष्ट पाच मिनिटांत थोडक्यात सांगितली, किंवा चित्रं काढून फिरवली, तरी ते रूपांतरच. आणि रूपांतराचा हक्क लेखकाचा, तसाच भाषांतराचाही. हिंदी पुस्तकातली नवी गोष्ट मराठीत सांगितली तरी परवानगी लागते.

२. साठ वर्षांचा हिशेब

मग मोकळी गोष्ट कधी होते? कलम २२ चा नियम: लेखक हयात असेपर्यंत, आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ही साठ वर्षं मृत्यूच्या तारखेपासून मोजायची नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. आधी ही मुदत ५० वर्षं होती. १९४१ साली गेलेल्या रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत संपत आली होती, त्या सुमारास १९९२ मध्ये ती ६० केली.

सोपी युक्ती: मृत्यूचं साल अधिक ६०. त्या सालच्या ३१ डिसेंबरला कुलूप उघडतं. वहीत उदाहरणं करून घ्या.

- साने गुरुजी: निधन ११ जून १९५०. १९५० अधिक ६० म्हणजे २०१०. 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून मोकळी. म्हणूनच आज ती वेगवेगळ्या प्रकाशकांची मिळते.
- ना. धों. ताम्हनकर, 'गोट्या' चे लेखक: निधन १९६१. २०२१ अखेर मुदत संपली.
- आचार्य अत्रे: निधन १९६९. २०२९ अखेरपर्यंत कुलूप.
- पु. ल. देशपांडे: निधन २०००. २०६० अखेरपर्यंत.
- भा. रा. भागवत, आपल्या फास्टर फेणेचे जनक: निधन २००१. २०६१ अखेरपर्यंत.
- विंदा करंदीकर: निधन २०१०. बालकविता २०७० अखेरपर्यंत.

दोन लेखक असतील तर जो शेवटी गेला त्याच्यापासून मोजायचं. लेखक अनामिक असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं. सिनेमाचंही प्रकाशनापासून ६० वर्षं.

एक सावधगिरी. हा भारतातला हिशेब आहे. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षांची मुदत असू शकते, आणि बऱ्याच देशांत मृत्यूनंतर ७० वर्षं. तुमचं चॅनल जगभर दिसतं. परदेशातला प्रेक्षक मोठा असेल तर तिथली मुदत वेगळी तपासा.

३. हातातली प्रत कुणाची?

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. गोष्ट हजार वर्षं जुनी, पण तुमच्यासमोरचं पुस्तक मागच्या वर्षीचं.

जातककथा अतिप्राचीन आहेत, कुणीही सांगाव्यात. पण दुर्गा भागवतांनी केलेलं जातकांचं मराठी भाषांतर ही त्यांची मेहनत आहे. त्या २००२ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांची वाक्यं २०६२ अखेरपर्यंत राखीव. तसंच ज्यूल व्हर्न १९०५ मध्ये गेला, त्याच्या कादंबऱ्या मोकळ्या. पण भा. रा. भागवतांनी त्या मराठीत आणल्या, त्या मराठी पुस्तकांवर त्यांच्या वारसांचा हक्क आहे. तुम्ही मूळ कादंबरीवरून स्वतः मराठी करा, कुणी अडवणार नाही.

विक्रम-वेताळाचं बघा. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागर' मध्ये त्या कथा आहेत. 'वेताळ पंचविशी' या नावातच आकडा आहे, पंचवीस! पण 'चांदोबा' मासिकात वर्षानुवर्षं वेताळकथा येत राहिल्या, त्या पंचवीसच्या किती पुढे गेल्या. म्हणजे खांद्यावरचा वेताळ सगळ्यांचा, पण चांदोबासाठी नव्याने लिहिलेल्या गोष्टी आणि काढलेली चित्रं सगळ्यांची नाहीत.

अकबर-बिरबलाचंही तेच. बिरबलाची खिचडी कुणीही शिजवावी. अमर चित्र कथेतली चित्रं मात्र स्क्रीनवर फिरवायची नाहीत.

परदेशी गोष्टीत तर दोन थर असतात. अँडरसनच्या १८३७ च्या जलपरीला नावच नाही. 'एरियल' हे नाव, लाल केस, गाणारा खेकडा ही १९८९ च्या डिस्नेच्या सिनेमाची भर आहे. किपलिंग १९३६ मध्ये गेला, त्याचा मोगली मोकळा. पण माकडांचा राजा लुई किपलिंगच्या पुस्तकात नाहीच, तो १९६७ च्या सिनेमातला. थंबनेलवर सिनेमातला मोगली लावला की तुमची सगळी मोकळीक गेली.

आणि पार्श्वसंगीत विसरू नका. गोष्ट तुमची, आवाज तुमचा, पण मागे वाजणारी धून सिनेमातली असेल तर तिचा दावा वेगळा येतो.

४. ताईंच्या ६४ गोष्टींचे तीन ढीग

फोननंतर ताई यादी घेऊन दुकानात आल्या. काउंटरवर बसून आम्ही तीन ढीग केले. तुम्हीही असेच करा.

पहिला ढीग, हिरवा: ३७ गोष्टी. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी, माकड आणि टोपीवाला, पंचतंत्र, इसाप, तेनालीराम. या ताईंनी स्वतःच्या बोलीत सांगितल्या होत्या, पुस्तकावरून वाचल्या नव्हत्या. एकदम बिनधास्त. कावळ्याचं शेणाचं घर ही गोष्ट तर लीळाचरित्रात सापडते, चक्रधरस्वामींनी सांगितलेली. म्हणजे तेराव्या शतकापासून ती मराठीत तोंडोतोंडी चालत आली आहे. तिच्यावर कोण हक्क सांगणार?

दुसरा ढीग, पिवळा: ९ गोष्टी. साठ वर्षांची मुदत उलटलेल्या लेखकांच्या. चालतात, पण लेखकाचं नाव सांगायचं. कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाचं नाव आणि त्याच्या लिखाणाची मोडतोड याबद्दल वेगळा हक्क आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, साने गुरुजींची गोष्ट सांगून त्यांचं नाव न घेणं बरं दिसतं का?

तिसरा ढीग, लाल: १८ गोष्टी. यातल्या ११ हयात किंवा अलीकडच्या लेखकांच्या, ४ शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या, ३ मध्ये सिनेमाची चित्रं. पाठ्यपुस्तकाचं ताईंना नवल वाटलं. "ते तर मोबाईलवर फुकट उतरवता येतं की!" फुकट वाचायला मिळणं आणि वापरायला मोकळं असणं यात फरक आहे. बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानावर लेखी परवानगीची अट छापलेली असते. शिवाय आतल्या धड्यांचे लेखक वेगवेगळे असतात.

अठराही व्हिडिओ त्याच दिवशी खाजगी केले. ताईंचे डोळे भरले होते, कारण सर्वात जास्त बघितलेली गोष्ट लाल ढिगात होती. पण तिसऱ्या स्ट्राइकपेक्षा हे परवडलं.

५. चार गैरसमज

*"लेखकाचं नाव टाकलं की चालतं."* नाही. नाव टाकणं म्हणजे परवानगी नव्हे. शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि मागे त्याचं नाव लिहिलं, तर काय होईल?

*"दहा टक्के किंवा तीस सेकंद चालतात."* असा आकडा आपल्या कायद्यात कुठेच नाही. समीक्षा, परीक्षण, स्वतःचा अभ्यास यासाठी रास्त वापराची सूट आहे. पुस्तकाचं परीक्षण करताना दोन ओळी वाचल्या तर ठीक. पूर्ण गोष्ट सांगणं म्हणजे परीक्षण नव्हे.

*"मी पैसे कमवत नाही."* हक्कभंग तरीही होतो. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, एवढाच फरक.

*"शाळेत तर आम्ही ही गोष्ट नाटकात केली होती."* बरोबर. वर्गात शिकवायला, आणि शाळेतल्या मुलांनी व शिक्षकांनी पालकांसमोर सादर करायला कायद्यात सूट आहे. पण त्याच नाटकाचा व्हिडिओ चॅनलवर टाकला की प्रेक्षक जगभरचा झाला. सूट शाळेच्या फाटकापर्यंतच.

६. स्ट्राइक आलाच तर

घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका, त्याने स्ट्राइक जात नाही. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. तीन मार्ग असतात. पहिला, कॉपीराइट स्कूल पूर्ण करून ९० दिवस थांबणं. दुसरा, तक्रार करणाऱ्याला लिहून तक्रार मागे घ्यायची विनंती करणं. तिसरा, तुम्ही खरोखर बरोबर असाल तर प्रतिदावा करणं. तिसरा मार्ग रागाच्या भरात धरू नका, तो कायदेशीर कागद आहे. आधी वकिलाला दाखवा.

संगीतावरचा आपोआप येणारा दावा वेगळा असतो. त्यात बहुतेक वेळा कमाई समोरच्याला जाते, स्ट्राइक लागत नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

७. परवानगी मागायला लाजू नका

आपल्याकडे लोक परवानगी मागत नाहीत, कारण "नाही म्हणतील" ही भीती. विचारायला एक पोस्टकार्डाचा खर्च. आधी प्रकाशकाला विचारा की हक्क कुणाकडे आहेत. पत्र असं लिहा:

"आदरणीय महोदय, मी मुलांसाठी मराठी गोष्टींचं चॅनल चालवते. आपल्या अमुक पुस्तकातली तमुक गोष्ट माझ्या आवाजात, मराठीत, साधारण सात मिनिटांत सांगण्याची परवानगी हवी आहे. व्हिडिओत जाहिरात येऊ शकते. लेखक आणि पुस्तकाचं नाव सुरुवातीला व खाली देईन. मानधनाबद्दल कृपया कळवावे."

होकार आला की लेखी घ्या, आणि त्यात किती वर्षं आणि कुठे कुठे हे लिहून घ्या. कायद्यात हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा व्हिडिओ तर दुबईतही दिसतो! म्हणून "जगभर, ऑनलाइन" हे शब्द हवेत.

परवानगी आधीच दिलेल्या गोष्टीही आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. तिथे मराठीतही गोष्टी आहेत, आणि बहुतेक अशा खुल्या परवान्यावर की लेखक, चित्रकार, अनुवादक आणि प्रकाशक यांची नावं देऊन तुम्ही त्या व्यवसायातही वापरू शकता. प्रत्येक गोष्टीच्या शेवटचा परवाना मात्र वाचा.

८. सगळ्यात पक्का माल घरातच आहे

आता धंद्याचं बोलू. पंचतंत्र सगळेच सांगतात, त्यात तुमचं वेगळेपण काय? तुमच्या आजीची गोष्ट, तुमच्या गावच्या बोलीत, तुमच्या बारवेच्या आणि बाभळीच्या खुणांसह. तिचं मूळ कथानक सगळ्यांचं, पण तुम्ही केलेली मांडणी तुमची. तिच्यावर तुमचा कॉपीराइट. उद्या कुणी तुमचा व्हिडिओ उचलला तर हाच कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो.

त्यासाठी प्रत्येक गोष्ट वहीत तारखेसह लिहा, किंवा स्वतःला ईमेल करा. गोष्ट कुणाकडून, कोणत्या गावात ऐकली तेही लिहा. संग्रह मोठा झाला तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन नोंदणी करा. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. सक्ती नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून कामाला येते.

ताईंचं काय झालं? एका प्रकाशकाने माफीचं पत्र वाचून तक्रार मागे घेतली. दुसरा स्ट्राइक ९० दिवसांनी उतरला. ते तीन महिने ताईंनी रडत काढले नाहीत, सासूबाईंसमोर मोबाईल ठेवला. सासूबाई पूर्वी स्वतः कोयत्यावर जायच्या, फडावर लेकरांना सांगायच्या त्या गोष्टी त्यांना तोंडपाठ. लाल ढिगातल्या १८ च्या जागी आत्तापर्यंत २१ नव्या गोष्टी झाल्या आहेत. एकीचंही पुस्तक नाही.

गृहपाठ: तुमच्या चॅनलच्या किंवा पुस्तिकेच्या सगळ्या गोष्टींची यादी करा. प्रत्येकीपुढे चार रकाने: कुणाची, त्या व्यक्तीच्या मृत्यूचं साल, हातातली प्रत कुणाची, चित्र-संगीत कुठलं. एकही रकाना रिकामा असेल तर ती गोष्ट आज टाकू नका.

मी वकील नाही, दुकानदार आहे. मोठी रक्कम किंवा नोटीस असेल तर वकिलाकडे जाच. पण यादी करायला वकील लागत नाही, वही-पेन पुरतं. ते दुकानात मिळतं!

भेटू पुढच्या धड्यात.